उद्दिष्टांनी बाळं वाचली का? एमडीजी आणि एसडीजीबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संयुक्त राष्ट्रांनी 2000 नंतर आठ सहस्रक विकास उद्दिष्टं (एमडीजी) घेतली, 2015 मध्ये सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं (एसडीजी) घेतली, आणि या काळात जगातली गरिबी आणि बालमृत्यू बरेच घटले. हे उद्दिष्टांमुळे घडलं, की घडणारच होतं आणि उद्दिष्टं फक्त श्रेय घ्यायला पुढे आली?

गरिबीच्या बाबतीत बऱ्याच अंशी दुसरं खरं आहे. बालमृत्यू आणि मातामृत्यूच्या बाबतीत पहिलं, पण अटी घालून. काय करायचं ते आधीच ठाऊक होतं, ते स्वस्त होतं आणि ते करायला दारात जाणारं माणूस होतं, अशा ठिकाणी उद्दिष्टामुळे पैसा आला आणि वरच्यांना घाई झाली. यातलं एक जरी नसलं तरी उद्दिष्ट फायलीत पडून राहिलं. मी बरीच वर्षं पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आणि तालुका पातळीवर काम केलं, नंतर आरोग्य कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं घेतली. त्यामुळे माझं उत्तर आरोग्याकडे झुकणार, आणि त्यातही महाराष्ट्राकडे.

आधी गरिबी, कारण तिथला हिशेब लवकर संपतो. अत्यंत गरिबीत जगणाऱ्यांचं प्रमाण 1990 च्या तुलनेत 2015 पर्यंत निम्म्यावर आणायचं होतं. ते 2010 मध्येच साधलं, मुदतीच्या पाच वर्षं आधी. विकसनशील देशांत हे प्रमाण 1990 मधल्या 47 टक्क्यांवरून 2015 मध्ये 14 टक्क्यांवर आलं, असं संयुक्त राष्ट्रांचा शेवटचा अहवाल सांगतो. ऐकायला छान वाटतं. पण उद्दिष्टांची यादी पक्की झाली 2001 मध्ये आणि मोजणी सुरू केली 1990 पासून. म्हणजे शर्यत जाहीर होण्याआधीच पहिली दहा वर्षं पळून झाली होती, आणि त्या दहा वर्षांत सर्वांत जोरात पळत होता चीन. चीनच्या खेड्यांतली गरिबी हटली ती शेतीतल्या सुधारणांनी आणि कारखान्यांतल्या रोजगारानं. न्यूयॉर्कमधल्या ठरावाची तिथे कोणी वाट पाहत नव्हतं. भारतातही तेंडुलकर समितीच्या मोजणी-पद्धतीनं गरिबी 2004-05 मधल्या 37 टक्क्यांवरून 2011-12 मध्ये 22 टक्क्यांवर आली. त्यामागे वाढती मजुरी, बांधकामावरची कामं, रोजगार हमी, रेशन अशी बरीच कारणं आहेत. 'एमडीजी' हे त्यातलं एक कारण आहे असं मला कोणी अजून पटवून देऊ शकलेलं नाही.

शिवाय ती रेषाही सरकत राहिली. आधी दिवसाला 1 डॉलर, मग 1.25, 1.90, 2.15 आणि जून 2025 पासून 3 डॉलर. हे डॉलर बाजारभावाचे नसतात. त्या त्या देशात तेवढ्याच वस्तू घ्यायला किती पैसे लागतील, यावरून ते बेतलेले असतात. त्यामुळे दोन वेगळ्या वर्षांतल्या अहवालांचे आकडे शेजारी ठेवून 'इतकी गरिबी घटली' असं लिहू नका. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ही चूक हमखास दिसते, आणि वर्तमानपत्रांतही काही कमी नाही.

आता मृत्यूंकडे येऊ. इथे पुरावा बराच वेगळा आहे.

पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू दोन तृतीयांशानं कमी करायचे होते. 25 वर्षांत हे साधायचं तर दरवर्षी साधारण 4.4 टक्के घट हवी. जगानं 1990 च्या दशकात वर्षाला 1.8 टक्के घट केली आणि 2000 ते 2015 या काळात 3.9 टक्के. उद्दिष्ट चुकलं. दर हजार जन्मांमागे 90 मृत्यू होते ते 43 वर आले, 30 वर यायला हवे होते. पण वेग दुपटीनं वाढला, आणि तो 2000 नंतर वाढला. मला या प्रश्नातला हा सर्वांत बोलका आकडा वाटतो. मृत्यू 'आपोआप' घटणारच होते, तर जुन्याच वेगानं घटत राहिले असते.

वेग कुठे वाढला ते बघा. नायजर हा आफ्रिकेतला अतिशय गरीब, निम्म्याहून जास्त वाळवंट असलेला देश. तिथे 1990 मध्ये हजारांतली सुमारे 330 मुलं पाच वर्षांची होण्याआधीच जात होती. 2015 मध्ये हा आकडा शंभराच्या आत आला आणि नायजरनं उद्दिष्ट गाठलं. भारताला दोन-चार पावलं कमी पडली. आपल्याकडे 1990 मधल्या सुमारे 126 वरून 42 वर यायचं होतं, आपण 2015 मध्ये 43 वर होतो. नायजरनं काय केलं? गावोगावी छोटी आरोग्य केंद्रं उघडली. 2006 पासून गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी उपचार मोफत केले. मच्छरदाण्या वाटल्या, न्यूमोनिया, जुलाब आणि मलेरियाची औषधं खाली, गावाजवळ पोचवली. यात नवा शोध एकही नाही. पैसा बाहेरून आला आणि तो मिळाला, कारण देणाऱ्या देशांनाही 2015 मध्ये हिशेब दाखवायचा होता.

एचआयव्हीच्या औषधांचंही तसंच, आणि तिथे मुंबईचा सरळ संबंध आहे. 2000 च्या सुमारास एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरहून जास्त खर्च येई. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा तोच उपचार वर्षाला 350 डॉलरला देऊ केला. पुढच्याच वर्षी ग्लोबल फंड, म्हणजे एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी, सुरू झाला. 2003 मध्ये जगात आठ लाखांहून कमी लोकांना ही औषधं मिळत होती, 2014 च्या मध्यावर 1 कोटी 36 लाख लोकांना मिळू लागली. फंड नसता तर स्वस्त गोळी कारखान्यातच राहिली असती, आणि गोळी महाग राहिली असती तर फंड दोन वर्षांत आटला असता. उद्दिष्टानं या दोघांची गाठ घातली, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. ती मला जास्त जवळून माहीत आहे.

पाच वर्षांखालच्या मृत्यूंपैकी मोठा भाग पहिल्या 28 दिवसांतला असतो. आज भारतात तो जवळजवळ 60 टक्के आहे. कमी वजन, गारठा, जंतुसंसर्ग, जन्मताना गुदमरणं, ही त्याची नेहमीची कारणं. 1990 च्या दशकात सर्वमान्य समजूत अशी होती की नवजात बाळ वाचवायचं तर रुग्णालय, इन्क्युबेटर आणि बालरोगतज्ज्ञ हवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळाचं वजन घेणं, ताप बघणं, ऊब देणं, आईला पाजायला मदत करणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास डिसेंबर 1999 मध्ये छापून आला, म्हणजे ज्या परिषदेतून ही आठ उद्दिष्टं निघाली त्या संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक परिषदेच्या जेमतेम नऊ महिने आधी.

तारखा मुद्दाम दिल्या. उपाय 1999 मध्ये जगासमोर होता, तरी भारतात 'घरी जाऊन नवजात बाळाची काळजी', म्हणजे आपलं एचबीएनसी, राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून आलं 2011 मध्ये. मधल्या काळात 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगावी आशा, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, नेमल्या गेल्या. दारात जाणारं माणूस मिळालं ते तेव्हा. बाळंतपण दवाखान्यात झालं तर आशानं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं, वजन-ताप बघायचा, फॉर्म भरायचा आणि सगळ्या भेटी झाल्या की 250 रुपये मोबदला घ्यायचा. पगार नाही, मोबदला. इंजेक्शन मात्र तिच्या हाती दिलं नाही, ते पुढे एएनएमकडे, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेकडे गेलं. म्हणजे गडचिरोलीच्या उपायातला सर्वांत धारदार भाग वगळून बाकीचा देशभर गेला. तरीही उपयोग झालाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा पाच वर्षांखालील मृत्यूदर 2005-06 मध्ये 74 होता, 2015-16 मध्ये 50 झाला आणि 2019-21 मध्ये 42.

2011 लाच का? माझ्या मते तेव्हा मुदत चार वर्षांवर आली होती आणि नवजात मृत्यू हलल्याशिवाय आकडा हलणार नाही, हे दिल्लीत सर्वांना कळून चुकलं होतं. त्याच वर्षी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, नेणं-आणणं सगळं मोफत. मुदत जवळ आली की सरकार हलतं. हा उद्दिष्टांचा खरा उपयोग, आणि तो कमी समजू नका. गरिबीशी त्याची गाठही इथेच पडते. ग्रामीण कुटुंबाला कर्जात ढकलायला एक सिझेरियन किंवा एक आयसीयू पुरतो. देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39 टक्क्यांवर आला आहे. अजूनही तो जास्तच आहे.

मातामृत्यूंची कथा जरा अवघड आहे. तीन चतुर्थांश घट करायची होती. भारतासाठी 1990 चा आकडा दर लाख जिवंत जन्मांमागे 556 धरला, लक्ष्य 139. पण 1990 मध्ये भारतात मातामृत्यू नीट मोजलेच जात नव्हते. हा 556 मागाहून काढलेला अंदाज आहे, आणि बऱ्याच देशांची हीच स्थिती होती. प्रत्यक्ष मोजणी मिळते ती नमुना नोंदणी योजनेतून. ही योजना फार हुशारीनं बांधलेली आहे आणि तिचं कौतुक कमी होतं. निवडक गावांत आणि वॉर्डांत स्थानिक नोंदणीदार वर्षभर जन्म-मृत्यू लिहितो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक येऊन त्याची वही न बघता घरोघर स्वतंत्र मोजणी करतो. मग दोन्ही याद्या जुळवतात, जे जुळत नाही ते पुन्हा जाऊन तपासतात. देशभरातली 80 लाखांहून जास्त लोकसंख्या यात येते. तरी मातामृत्यू इतके विरळ असतात की तीन वर्षांचे आकडे एकत्र करावे लागतात. त्यानुसार भारत 2004-06 मध्ये 254 वर, 2011-13 मध्ये 167 वर, 2014-16 मध्ये 130 वर आणि 2018-20 मध्ये 97 वर आला. लक्ष्य थोड्या उशिरानं पार झालं. महाराष्ट्र याच काळात 130 वरून 33 वर आला. 2018-20 मध्ये केरळ 19 वर होता आणि आसाम 195 वर, एवढी तफावत एकाच देशात.

इथे एक व्यावसायिक तक्रार करून घेते. ही राज्याची टक्केवारी जिल्ह्याला आणि मग तालुक्याला लक्ष्य म्हणून वाटली जाते. वर्षाला 40 हजार बाळंतपणं होणारा जिल्हा घ्या. राज्याच्या दरानं तिथे 13 माता दगावतील असं धरू. एका वर्षी 9 झाल्या आणि पुढच्या वर्षी 17, तर निव्वळ योगायोगानंही एवढा फरक पडू शकतो. पण आढावा बैठकीत 9 च्या वर्षी सत्कार होतो आणि 17 च्या वर्षी मेमो निघतो. मग खाली काय होतं ते वेगळं सांगायला नको. मृत्यू शेजारच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात झाला की 'आमचा नाही' म्हणायचं, दोन श्वास घेऊन गेलेलं बाळ 'उपजत मृत' लिहायचं. मी नोंदवह्या तपासताना हे वारंवार पाहिलंय, वेगवेगळ्या भागांत. आकड्यासाठी माणसाला धारेवर धरलं की तो आधी आकडा दुरुस्त करतो. तालुक्याला मृत्यूंचं लक्ष्य देऊच नये. तिथे प्रत्येक मृत्यूची चौकशी करावी: घरातून निघायला उशीर का झाला, गाडी मिळायला किती वेळ लागला, आणि दवाखान्यात पोचल्यावर काय झालं.

तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, कारण मोजला गेला तो फक्त दवाखान्यातला जन्म. जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यात बाळंतपण केलं की बाईला पैसे मिळू लागले, आशाला मोबदला मिळू लागला, आणि देशातली दवाखान्यातली बाळंतपणं 2005-06 मधल्या 39 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 89 टक्क्यांवर गेली. जगाच्या इतिहासात एवढं मोठं स्थित्यंतर इतक्या लवकर क्वचितच झालं असेल. पण या योजनेमुळे नेमके किती मातामृत्यू टळले, यावर संशोधकांत एकमत नाही, आणि लेबर रूममध्ये उभं राहिलेल्या कोणालाही त्याचं कारण सांगता येईल. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिन लागतं, आणि ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात लाइट गेलेल्या उपकेंद्रात ते टेबलावरच्या ट्रेमध्ये पडलेलं असेल तर इंजेक्शन दिल्याची नोंद होते, गर्भाशय मात्र आकसत नाही. बाळंतपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्याकडे. जवळची रक्तसाठवणूक तालुक्याला, गाडीच्या तासाभराच्या अंतरावर. यातलं काहीही 'संस्थात्मक प्रसूती 94.7 टक्के' या महाराष्ट्राच्या आकड्यात दिसत नाही. डोंगराळ आदिवासी भागांत पीएचसीजवळ माहेरघरं काढली, म्हणजे दिवस भरत आलेल्या बाईला आधीच आणून ठेवायचं. चांगली कल्पना. पण घरी दोन लेकरं, म्हातारी सासू आणि शेतावर कामं असताना बाई आठवडाभर येऊन राहील का, हे माहेरघर बांधणाऱ्यानं तिला विचारलं पाहिजे.

आता उद्दिष्ट जिथे हरलं तिथे येते. पहिल्याच उद्दिष्टाचा दुसरा भाग भुकेचा होता: कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण निम्मं करणं. भारताला 52 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर यायचं होतं, 2015-16 मध्ये आपण 36 टक्क्यांवर होतो. महाराष्ट्रात वयाच्या मानानं उंची खुंटलेली मुलं 2005-06 मध्ये 46.3 टक्के होती. 2005 मध्ये औरंगाबादेत कुपोषण हटवण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, काम खरोखर झालं, आणि दहा वर्षांनी प्रमाण 34.4 टक्क्यांवर आलं. त्यानंतर ते थांबलं: 2019-21 मध्ये 35.2. उंचीच्या मानानं वजन कमी असलेली मुलं 2015-16 आणि 2019-21 या दोन्ही पाहण्यांत 25.6 टक्के, दशांशचिन्हापर्यंत तीच. त्याच काळात राज्यात बालमृत्यू मात्र घटतच होते. नायजरमध्येही हेच दिसतं. मृत्यू झपाट्यानं घटले, खुंटलेल्या मुलांचं प्रमाण फारसं हललं नाही.

म्हणजे आपण मुलं मरू देत नाही, पण ती वाढतही नाहीत. कारण उघड आहे. मृत्यू टाळायला इंजेक्शन, मच्छरदाणी, ओआरएस पुरतं. वाढ होण्यासाठी आईचं लग्न किती वयात झालं, गरोदरपणी तिच्या पोटात काय गेलं, ती शेवटच्या महिन्यापर्यंत ऊस तोडत होती का, सहा महिन्यांनंतर बाळाला दिवसातून किती वेळा कोण भरवतं, पाणी कुठलं, हे सगळं लागतं. दिवाळीनंतर गाव सोडून कारखान्याच्या फडावर गेलेल्या कुटुंबाचं मूल कोणत्या अंगणवाडीच्या पटावर? महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्यांचं वाटप शंभर टक्के दाखवता येतं, गोळी पोटात गेली का ते मात्र कोणी बघत नाही. आणि मोजमापच बघायचं तर मुलाची लांबी मोजायला दोन माणसं लागतात, एक डोकं धरायला, एक पाय सरळ करायला. अंगणवाडी सेविका बहुधा एकटी असते. वजनकाट्यावर भागवलं जातं.

2015 मध्ये सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं आणि त्यांची 169 लक्ष्यं आली. आधीच्या आठांवर आक्षेप होता की ती मोजक्या लोकांनी वरून लादली. तो खराच होता. कुटुंबनियोजनासारखा विषय आधी वगळला होता आणि 2007 मध्ये मागाहून घातला. म्हणून या वेळी सर्वांना विचारलं, आणि सर्वांनी सर्व घातलं. 169 पैकी बहुतेक लक्ष्यांची मुदत एकाच वर्षी संपत असेल तर कोणत्याही सचिवाला घाई होत नाही, ही माझी शंका. आपल्या कामाची ओळ कुठली तर तिसऱ्या उद्दिष्टात: 2030 पर्यंत जगाचा मातामृत्यूदर 70 च्या आत, प्रत्येक देशात नवजात मृत्यू हजारामागे 12 किंवा कमी, पाच वर्षांखालचे 25 किंवा कमी.

गंमत अशी की महाराष्ट्र हे तिन्ही आकडे 2020 पर्यंतच पार करून बसला: 33, 11 आणि 18. आपल्या राज्यापुरतं हे उद्दिष्ट आता झोपलेलं आहे. सरासरी गाठली म्हणजे नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली गाठलं असं नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. पण ते दाखवणारं लक्ष्य आज कोणाच्याच टेबलावर नाही. दुसरीकडे राज्यात 25 टक्के बाळंतपणं सिझेरियननं होतात. म्हणजे एका तालुक्यात गरज असून शस्त्रक्रिया मिळत नाही आणि दुसऱ्यात गरज नसताना होते.

तुम्ही यावर प्रबंध लिहिणार असाल तर एक धागा जरूर धरा. या सगळ्या चर्चेतले निम्मे आकडे घरोघरच्या पाहण्यांतून येतात. भारतात ते काम मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते, आणि आपण ते आपल्या पैशानं चालू ठेवू शकतो. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत अशा पाहण्या 1984 पासून अमेरिकी मदतीच्या डीएचएस कार्यक्रमावर उभ्या होत्या. फेब्रुवारी 2025 मध्ये तो कार्यक्रम बंद करण्यात आला आणि 1 जुलै 2025 ला यूएसएड ही अमेरिकी मदत देणारी संस्थाच संपली. काही पाहण्यांना नंतर इतरांनी तात्पुरता आधार दिला. तेव्हा 2030 मध्ये 'नायजरनं उद्दिष्ट गाठलं का' असं कोणी विचारलं, तर आधी हे विचारावं लागेल की नायजरमध्ये घरोघर जाऊन आईला 'किती लेकरं झाली, त्यातली किती आहेत' असं कोणी विचारलं का. तुमच्या विभागात बालमृत्यूंवर काम करायचं असेल तर मी सुरुवात तिथूनच करेन: एका तालुक्याच्या पीएचसीच्या नोंदी, ग्रामपंचायतीचं जन्म-मृत्यू रजिस्टर आणि आशांच्या वह्या, तिन्ही एकाच वर्षाच्या घ्या आणि नावानिशी जुळवा.